मावठा, बर्फ आणि रिकामा उतार

पौष महिन्यात भोपाळवर जो पाऊस पडतो, त्याला आपल्याकडे मावठा म्हणतात. पुण्या-मुंबईच्या आप्तांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. ते 'अवकाळी' म्हणून मोकळे होतात. माळव्यातल्या शेतकऱ्याला मात्र तो अवकाळी वाटत नाही. सीहोरच्या शरबती गव्हाला हे पाणी वेळेवर मिळाले तर दाणा भरतो, न मिळाले तर विहिरीचे इंजिन आणि डिझेलचा खर्च. महसूल खात्यातील आमच्या सेवेची काही वर्षे सीहोर जिल्ह्यात गेली. तहसील कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापकाचा आकडा रोज सकाळी वर कळवावा लागे. जानेवारीत दहा मिलिमीटर नोंदले गेले की पटवारी खुशीत दिसत. त्याच ढगातून गारा पडल्या की पंचनामे, मुआवज्याच्या याद्या आणि आमदारांचे दूरध्वनी सुरू होत. हा पाऊस येतो कोठून, असा प्रश्न त्या काळात आम्हांस कधी पडला नाही. सरकारी नोंदवहीत पावसाला तारीख असते, गाव नसते.

त्याचे गाव फार दूर आहे. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या परिसरात हिवाळ्यात कमी दाबाची क्षेत्रे निर्माण होतात आणि उंचावरील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे येतात. हवामान खाते त्यांना 'पश्चिमी विक्षोभ' म्हणते. वाटेत त्यांना पीर पंजालची भिंत आडवी येते. ढग तेथे वर चढतात, थंड होतात आणि पदरात असेल नसेल ते बर्फाच्या रूपाने टाकतात. त्याच प्रवाहाची शेपूट कधीकधी दक्षिणेकडे लांबते, अरबी समुद्राचे थोडे बाष्प तिला मिळते आणि भोपाळच्या मोठ्या तलावावर दोन दिवस झड लागते. म्हणजे आपला मावठा आणि काश्मिरातील गुलमर्गचा बर्फ ही सख्खी भावंडे होत. एक गव्हावर पडतो. दुसऱ्यावर पायाला पट्ट्या बांधून घसरण्यासाठी जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतात आणि परत जाऊन सांगतात, की एवढा उत्तम बर्फ आणि एवढी कमी गर्दी त्यांनी अन्यत्र पाहिली नाही. ही गर्दी कमी का, हे शोधता शोधता आमच्या हाती जो इतिहास लागला, तो येथे मांडीत आहोत.

मराठी माणसाचा आणि बर्फाचा संबंध तसा परकाच. आपल्यापैकी अनेक घराण्यांचे मूळपुरुष पेशव्यांच्या, शिंद्यांच्या, होळकरांच्या फौजांबरोबर या मुलखात आले. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावांनी निजामाला भोपाळात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहे सराईचा तह झाला, तो ऐन मावठ्याच्या हंगामात. पुढे १७५८ च्या एप्रिलात रघुनाथराव लाहोरात शिरले आणि मराठ्यांची घोडी अटकेपर्यंत गेली. परंतु काश्मीर तेव्हा दुराण्यांच्या अमलाखाली होते आणि पीर पंजालपलीकडे मराठी फौज गेली नाही. पानिपतावर जानेवारी १७६१ ची थंडी अर्ध्या पोटी सोसलेल्या माणसांच्या कथा आपण आजोळी ऐकल्या. पण त्या कथांत धुके आहे, बर्फ नाही.

भाषाही हेच सांगते. पेल्यात टाकतो तो बर्फ, आभाळातून पिंजलेल्या कापसासारखा पडतो तोही बर्फ, आणि हिमनदीचा काचेसारखा निळा थर तोही बर्फच. 'हिम' हा संस्कृत शब्द आहे, पण तो कवितेत आणि भूगोलाच्या पुस्तकात राहतो. काश्मिरी भाषेत पडणाऱ्या बर्फाला 'शीन' म्हणतात. वर्षाचा पहिला शीन पडला की काश्मिरी पंडितांच्या घरी तो सण होतो. ज्याने ती वार्ता आधी दिली, त्याला दुसऱ्याने मेजवानी द्यायची. २१ डिसेंबरपासूनच्या कडक थंडीच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलान' म्हणतात; त्यानंतर वीस दिवसांची धाकटी थंडी आणि मग दहा दिवसांची बाळथंडी. चाळीस दिवसांत पडलेला बर्फ उन्हाळ्यापर्यंत नद्यांना पुरतो, अशी तिकडची समजूत आहे. आपल्याकडे मृगाच्या पावसाचा जो हिशेब, तोच तेथे चिल्लई कलानचा.

जानेवारी २०१९ मध्ये आम्ही उभयतांनी काश्मीरची सहल केली. ऋतू ऐकूनच नातेवाइकांनी आम्हांस वेड्यात काढले होते. त्या वर्षी बर्फ भरपूर पडला होता. टंगमर्गला चाकांना साखळ्या बांधलेली मोटार घ्यावी लागली आणि देवदारांच्या रांगांतून वळणे घेत आम्ही सुमारे २,६५० मीटर उंचीवरील त्या पठारावर पोहोचलो. आपल्या पचमढीचा धूपगढ सुमारे १,३५० मीटर. म्हणजे गुलमर्गचे कुरणच त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच, आणि त्यामागे उभा असलेला अफरवट चार हजार मीटरहून अधिक. रात्रभर बर्फ पडून सकाळी ऊन निघाले होते. तारांचे कुंपण बुडाले होते, फक्त खांबांची टोके वर होती.

अठ्ठावन्नाव्या वर्षी स्की पायाला लावणे हा शहाणपणा नव्हे, हे आम्ही जाणून होतो. तरीही पन्नाशीचा एक मार्गदर्शक मिळाला आणि त्याने आम्हांस कुरणाच्या सौम्य उतारावर उभे केले. पहिल्या तासाभरात आम्ही किती वेळा पडलो, हे सौ. अद्याप पाहुण्यांना सांगतात. पडण्याचे दुःख मात्र नव्हते, कारण खाली पिठीसाखरेसारखा बर्फ होता. ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हवेचाच असतो. ओंजळभर उचलला तर हातात काही आले असे वाटतही नाही. तुडवून घट्ट केलेल्या बर्फावर स्कीच्या धारा खरखरतात. या भुसभुशीत बर्फात आवाजच होत नाही. स्कीची टोके दिसत नाहीत, गुडघ्यापर्यंतचे पाय दिसत नाहीत, आणि आपण चालतो आहोत, तरंगतो आहोत की बुडतो आहोत, हे कळेनासे होते. मार्गदर्शक सांगत होता, की सगळा भार एका पायावर टाकू नका, नाहीतर तो पाय खाली जाईल. दोन्ही पायांना सारखे वागवा. अखेरीस चाळीस-पन्नास पावलांचे अंतर आम्ही न पडता उतरलो. तेवढ्यात जे काही झाले, त्यासाठी आमच्यापाशी शब्द नाही. लहानपणी श्रावणात बांधलेला झोका सर्वांत उंच टोकाला जाऊन क्षणभर थांबे, त्याच्या जवळपासचे काहीतरी.

वर पाहिले तर अफरवटाच्या विशाल अंगावर मोजून सात-आठ ठिपके खाली येत होते. प्रत्येकामागे बर्फाची पिसाऱ्यासारखी रेघ. आल्प्समधील नामांकित ठिकाणी बर्फ पडल्यावर दोन तासांत असा उतार पायदळी तुडवला जातो, असे तेथे भेटलेल्या एका वृद्ध फ्रेंच गृहस्थांनी आम्हांस सांगितले. ते दरवर्षी येत. "येथे तिसऱ्या दिवशीही कोरी जागा सापडते," असे ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात एखादे गुपित सांगितल्याचा आनंद होता.

हा खेळ मुळात खेळ नव्हता. नॉर्वे-स्वीडनकडच्या थंड मुलखात हिवाळ्यात शेजारच्या घरी जाण्याचे ते साधन होते. 'स्की' या शब्दाचा मूळ अर्थच चिरलेल्या लाकडाची फळी असा आहे. नॉर्वेच्या टेलेमार्क भागातील सोंद्रे नोरहाइम या गरीब कुळवाड्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टाच घट्ट बांधण्याची युक्ती काढली आणि उतारावर वळणे घेणे शक्य केले. पुढे पोटासाठी तो अमेरिकेत गेला आणि १८९७ मध्ये तेथील सपाट प्रदेशात, डोंगरांपासून दूर मरण पावला. १८८८ मध्ये फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी स्कीवरून ग्रीनलंड पार केले, तेव्हा युरोपचे लक्ष या फळ्यांकडे वेधले गेले. आल्प्समध्ये श्रीमंत इंग्रज हिवाळा घालवू लागले आणि साधनाचा शौक झाला. त्या शौकाला स्पर्धेचे नियम देणारे सर आर्नल्ड लन यांचा जन्म १८८८ साली मद्रासचा, हे आम्हांस अलीकडेच कळले. वडील तेथे मिशनरी म्हणून आले होते. झेंड्यांमधून वळत उतरण्याची आजची स्पर्धा लन यांनी १९२२ मध्ये स्वित्झर्लंडातील म्यूरन येथे प्रथम भरवली.

हिंदुस्थानातील इंग्रजांना गुलमर्ग ठाऊक होते ते उन्हाळ्याचे. सोळाव्या शतकात युसूफ शाह चक याने गौरीमर्गचे गुलमर्ग केले असे म्हणतात, आणि जहांगीरने येथून एकवीस प्रकारची फुले गोळा केल्याचे सांगतात. इंग्रजांनी तेथे गोल्फचे मैदान केले, लाकडी घरे बांधली, १९०२ मध्ये चर्च उभारले. सप्टेंबर संपला की साहेब खाली उतरत आणि पठार बर्फाखाली जाई; मागे राहत ते फक्त चौकीदार. म्हणजे हिवाळ्यातले गुलमर्ग हे बंद पडलेले गाव होते. १९२७ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी येथे 'स्की क्लब ऑफ इंडिया' स्थापन केला आणि वर्षातून दोनदा, नाताळात आणि ईस्टरला, मेळावे भरू लागले. तेव्हा वर नेणारी यंत्रे नव्हती. खिलनमर्गपर्यंत तासन्‌तास पायी चढायचे आणि काही मिनिटांत खाली यायचे. ओझे अर्थातच काश्मिरी हमालांच्या पाठीवर. क्लबच्या यादीत त्या हमालांची नावे कोण लिहिणार! पण बर्फातल्या वाटा त्यांनाच ठाऊक होत्या, आणि पुढे त्यांच्याच नातवंडांनी हा खेळ चालवला.

१९४७ च्या ऑक्टोबरात टोळीवाले बारामुल्यापर्यंत आले. टंगमर्ग-गुलमर्गचा परिसरही त्यातून सुटला नाही. त्या युद्धात मराठा आणि महार पलटणी जम्मू-काश्मिरात लढल्या, आणि महार रेजिमेंटचे केंद्र आपल्या सागर शहरात आहे, हे येथील वाचकांस सांगावयास नको. युद्धाने भारतीय सेनेला एक गोष्ट शिकवली: सीमा जर बर्फातून जाणार असेल, तर बर्फात चालणे शिकले पाहिजे. जनरल थिमय्या तेव्हा १९ व्या डिव्हिजनचे प्रमुख होते. ऐन थंडीच्या तोंडावर, १ नोव्हेंबर १९४८ रोजी, झोजी ला खिंडीत रणगाडे चढवणारे तेच. त्यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये गुलमर्गला डिव्हिजनची स्की शाळा निघाली. १९५० मध्ये तिचे नाव हिवाळी युद्धशाळा झाले आणि १९६२ मध्ये, चीनच्या त्या वर्षी, ती अतिउंच प्रदेशातील युद्धशाळा बनली. साहेबांच्या नाताळच्या मौजेचे असे रूपांतर होईल, हे १९२७ मध्ये कोणाच्या स्वप्नातही नसेल.

या परंपरेतील सर्वांत विलक्षण पुरुष म्हणजे कर्नल नरेंद्र कुमार. १९६१ मध्ये नीलकंठ शिखराच्या मोहिमेत हिमदंशाने त्यांच्या पायाची चार बोटे गेली. अशा पायांनी ते १९६५ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेचे उपनेते झाले, गुलमर्गच्या राष्ट्रीय स्की शाळेचे प्राचार्य झाले आणि पुढे युद्धशाळेचे कमांडंटही. १९७७ च्या सुमारास एका जर्मन साहसप्रेमीने आणलेला नकाशा त्यांच्या पाहण्यात आला. त्यात सियाचीनचा प्रदेश पाकिस्तानात दाखवला होता. नकाशा पाहून स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १९७८ मध्ये त्यांनी सियाचीनवर मोहीम नेली, १९८१ मध्ये पुन्हा नेली, आणि त्यांनी आणलेल्या माहितीवर १३ एप्रिल १९८४ ची मेघदूत कारवाई उभी राहिली. ३१ डिसेंबर २०२० रोजी ते निवर्तले. आमच्या मते, या देशात स्कीइंगचा इतिहास लिहायचा तर मध्यभागी पदकविजेता नव्हे, हा चार बोटे गमावलेला अध्यापक असावा.

नागरी बाजूची कथा त्या मानाने संथ आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस केंद्रीय पर्यटन खात्याने गुलमर्गला स्कीइंग व गिर्यारोहणाची भारतीय संस्था काढली. हिमाचलात कुफरी, नारकंडा, सोलंग, गढवालात औली. औलीचा उतार देखणा, पण खालचे जोशीमठ गाव खचू लागले आणि जानेवारी २०२३ मध्ये घरांना तडे गेल्यावर तेथला रज्जुमार्ग बंद करावा लागला. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे पहिले नाव जेरेमी बुयाकोव्स्की यांचे, १९६४ साली इन्सब्रुक येथे आणि पुन्हा १९६८ साली ग्रेनोबल येथे. जन्माने हे गृहस्थ पोलंडचे; युद्धाने विस्कटलेल्या काळात त्यांचे कुटुंब भारतात आले. त्याच काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, हे काही वृद्ध वाचकांना स्मरत असेल. बुयाकोव्स्की त्या छावणीतले नव्हेत, पण बर्फाच्या देशातून आलेल्या निराश्रिताने उष्ण देशाचा झेंडा बर्फावर न्यावा, यात काही औचित्य खचितच आहे. पुढे २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला भारतातर्फे एकटा आरिफ खान गेला, तो मात्र गुलमर्गच्या पायथ्याचा, टंगमर्गचा मुलगा.

१९८० च्या दशकात गुलमर्गचे दिवस पालटतील अशी चिन्हे होती. स्वित्झर्लंडचे सिल्वाँ सोदाँ, ज्यांनी १९७७ मध्ये काश्मिरातील ७,१३५ मीटर उंचीचे नून शिखर स्कीवरून उतरून दाखवले होते, ते हेलिकॉप्टरने परदेशी स्कीकारांना माथ्यावर सोडू लागले. फ्रेंच कंपनीच्या साहाय्याने रज्जुमार्गाचे काम निघाले. आणि मग १९९० उजाडले. त्या जानेवारीत काश्मिरी पंडितांनी घरे सोडली. पहिल्या शीनची वार्ता देणारे आणि मेजवानी मागणारे शेजारी कायमचे दुरावले. बंदुका आल्या, संचारबंद्या आल्या. १९९५ मध्ये पहलगामजवळ परदेशी पर्यटकांचे अपहरण झाल्यावर परदेशातून येणारा ओघ आटला. रज्जुमार्गाचे काम रखडले. अफरवटावर मात्र बर्फ पडतच होता, दर हिवाळ्यात, पूर्वीइतकाच.

येथे आमच्या मार्गदर्शकाची हकीकत सांगणे भाग आहे. दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्याने आमचे गाव विचारले. भोपाळ म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. न्यू मार्केट, जवाहर चौक, तुलसीनगरचे सरकारी क्वार्टर, अशी नावे तो घेऊ लागला. आम्ही चकित झालो. नव्वदच्या दशकात सात हिवाळे तो चुलत्याबरोबर शालींचे गाठोडे घेऊन भोपाळला येत असे. कार्तिकात यायचे, इतवारात खोली घ्यायची, दिवसभर गल्ल्या हिंडायच्या, होळीच्या आत परतायचे. विसाव्या-बाविसाव्या वर्षी स्कीइंगचे शिक्षण झालेला तरुण तो. गुलमर्गमध्ये शिकवायला शिष्य नव्हते म्हणून आपल्या दारांत पश्मिना आणि नकली पश्मिना यांतला फरक समजावीत उभा राहत होता. उधारीवर शाल घेऊन दर महिन्याला शंभर-शंभर रुपये देणाऱ्या मराठी 'भाभीजी' त्याला आठवत होत्या. त्या घरांत पोहे मिळत, हेही आठवत होते. ती भाभीजी आमच्या घरातली होती की शेजारची, हे ना त्याला सांगता आले ना आम्हांस. शाली मात्र आमच्या घरीही त्याच रीतीने आल्या आहेत, आणि "अर्ध्यात देतोस का?" हे वाक्य आमच्या तोंडूनही गेलेले आहे.

'गर्दी नाही' हा पर्यटनाच्या पुस्तिकेत गुण म्हणून छापला जातो. आम्ही आयुष्यभर महसुलाचे कागद पाहिले; तेथे याच गोष्टीला 'वसुली शून्य' म्हणतात. फ्रेंच गृहस्थांना जे कोरे उतार दिसत होते, ते निसर्गाने एकट्याने कोरे ठेवले नव्हते. त्या गृहस्थांची यात काही चूक नाही. कोऱ्या बर्फाचा मोह आम्हांसही झालाच की. परंतु तो कोरा राहण्यासाठी कोणीतरी सात हिवाळे गाठोडे वाहिले होते.

रज्जुमार्गाचा कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला आणि अफरवटाच्या खांद्यापर्यंतचा, सुमारे ३,९५० मीटर उंचीचा दुसरा टप्पा २००५ मध्ये. दुसऱ्या टप्प्याने गुलमर्गला जगाच्या नकाशावर नेले. इतक्या उंचीवर नेणारे रज्जुमार्ग जगात थोडे, आणि वर पोहोचल्यावर खालचा जवळजवळ सगळा डोंगर मोकळा. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियातून तरुण मंडळी येऊ लागली आणि आमचा मार्गदर्शक घरी परतला. बर्फाचे अंदाज, दोराचे बंध, गाडल्या गेलेल्या माणसाचा माग काढणारी यंत्रे, हे सारे त्याने वयाच्या चाळिशीजवळ नव्याने शिकले.

ते शिकणे आवश्यकच होते. ज्या भुसभुशीतपणासाठी लोक येतात, त्यातच मृत्यूही असतो. जुन्या, पृष्ठभागी कडक किंवा दाणेदार झालेल्या थरावर नवा बर्फ पडला, त्यावर वाऱ्याने आणखी भर घातली आणि उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला, की तो नवा थर पाटासारखा निसटण्याच्या तयारीत असतो. एका माणसाचा भार त्याला पुरतो. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला प्रशिक्षण घेणाऱ्या लष्करी तुकडीवर हिमकडा कोसळला आणि सतरा सैनिक गेले. थिमय्यांच्या शाळेचेच ते विद्यार्थी. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटावर पोलंडचे दोन स्कीकार गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. आणि रज्जुमार्गावरही २५ जून २०१७ रोजी वादळात झाड पडून सात जण दगावले, त्यात पर्यटक होते तसे स्थानिक मार्गदर्शकही होते. "वरती गेल्यावर डोंगराला आधी विचारायचे असते," असे आमच्या माणसाने म्हटले होते. विचारायचे म्हणजे काय, असे आम्ही विचारले. तेव्हा त्याने फावड्याने बर्फात कमरेइतका खड्डा खणून त्याच्या भिंतीतले थर बोटाने दाखवले. हा डिसेंबरचा, हा नाताळातल्या उन्हाचा, हा परवाचा. आमच्या पर्जन्यमापकाच्या नोंदवहीपेक्षा ती भिंत अधिक नीट लिहिलेली होती.

आम्ही परतल्यावर महिन्याच्या आत पुलवामा घडले. त्यानंतर ऑगस्ट २०१९, त्यानंतर महासाथ. त्याच्याशी दूरध्वनीवर बोलणे होत राहिले. मग एकदम उलटा काळ आला आणि देशातील पर्यटकांची एवढी रीघ लागली, की रज्जुमार्गाची तिकिटे मिळेनात. ती गर्दी मात्र बर्फात छायाचित्रे काढून संध्याकाळी श्रीनगरला परतणारी. उतार तसेच मोकळे. जानेवारी २०२४ मध्ये त्याने सांगितले ते ऐकून आम्ही थक्क झालो: चिल्लई कलान अर्धा संपला तरी गुलमर्गच्या कुरणावर वाळके गवत दिसत आहे. वृत्तपत्रांतून ती छायाचित्रे आपणही पाहिली असतील. बर्फ त्या वर्षी महिनाअखेरीस आला. २०२५ मध्ये बर्फाअभावी गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. त्यानंतर २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला निरपराध पर्यटकांची हत्या झाली आणि काश्मिरातील हॉटेले पुन्हा ओस पडली. बर्फ असतो तेव्हा माणसे नसतात, आणि माणसे असतात तेव्हा बर्फ नसतो, असे तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तहसील कचेरीत दुष्काळाची पाहणी मागायला येणारे म्हातारे शेतकरी ज्या स्वरात बोलत, तोच स्वर होता.

गेल्या हिवाळ्यात कार्तिकी पौर्णिमेनंतर आमच्या गल्लीत ओळखीची हाक ऐकू आली. सौ. फाटकाशी गेल्या, मागोमाग आम्हीही. पंचविशीचा मुलगा, खांद्यावर पांढऱ्या चादरीचे गाठोडे. कोठला, म्हणून विचारले. "टंगमर्ग के पास," तो म्हणाला. स्की येते का, असे विचारल्यावर तो क्षणभर पाहत राहिला, मग हसून म्हणाला, "आती है साहब, कोर्स किया है." त्याला ओसरीवर बसवले, चहा दिला, पोहे दिले. त्याने गाठोडे सोडले. सौ.ना एक राखाडी शाल पसंत पडली. भावावरून घासाघीस मात्र नेहमीप्रमाणेच झाली.